आधी बादली, मग करवत

२०११ सालची भाऊबीज २८ ऑक्टोबरला होती. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकटमधल्या मराठी घरांवर आकाशकंदील लागलेले होते आणि अंगणातल्या झाडांवर अजून बरीच पाने होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बर्फ पडला. न्यू जर्सीतल्या वेस्ट मिलफर्डला तब्बल १९ इंच. जानेवारीत उघड्या फांदीवरून बराचसा बर्फ खाली सांडतो. इथे मात्र प्रत्येक पान ओंजळीसारखे पसरलेले होते आणि ओला, जड बर्फ त्या ओंजळींत साठत गेला. ओक, मेपल, पेअरच्या मांडीएवढ्या फांद्या कडाकडा मोडून विजेच्या तारांवर पडल्या. ईशान्य अमेरिकेत तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काही गावांत ती परत यायला आठवडा लागला.

असे वादळ दर वर्षी येत नाही. अंगणातली झाडे मात्र दर हिवाळ्यात जातात, आणि ती जातात ते कळते एप्रिलमध्ये. शेजारच्या यार्डात कोंब फुटलेले असतात आणि आपण दोन वर्षांपूर्वी हौसेने लावलेले जपानी मेपल काडीसारखे उभे असते. नखाने साल खरवडली तर आत हिरवे दिसत नाही. मग घरात एकच निदान होते: थंडीने गेले. पुष्कळदा ते निदान चुकीचे असते. त्या भागाच्या हवेला साजेसे झाड नुसत्या थंडीने सहसा मरत नाही. तहानेने मरते, उन्हाने भाजून मरते, उंदरांनी साल कुरतडल्याने मरते, आणि बऱ्याचदा मालकाने ऑक्टोबरात उत्साहाने चालवलेल्या करवतीनेही मरते. यातले जवळजवळ सगळे टाळता येते. त्यासाठी हाताशी असतात ते दिवस म्हणजे साधारण घटस्थापनेपासून थँक्सगिव्हिंगपर्यंतचे, सुमारे दोन महिन्यांचे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला इथली पानगळ थोडी फसवते. आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात, पाणी आटत चालल्यावर, आणि थोड्याच दिवसांत पळस-पांगारा फुलून झाड जागे असल्याची खूण देतो. इथे पाने गळाली की झाड सहा महिने मुके होते, त्यामुळे त्याचे काम संपले असे वाटते. जमिनीखाली तसे नसते. माती साधारण ४० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ४-५ सेल्सियसपर्यंत उतरेतो मुळे वाढत राहतात. पाने गेल्यावर झाडाचा वरचा खर्च थांबतो आणि उरलेले बळ मुळांकडे जाते. शिवाय फांद्या जितकी थंडी सोसतात तितकी मुळे सोसत नाहीत. म्हणून फॉलमधल्या देखभालीचा बहुतेक भाग गुडघ्याच्या खालीच करायचा असतो.

पहिले काम पाण्याचे. सर्वाधिक दुर्लक्षही त्याकडेच होते, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा शिकागोजवळच्या नेपरव्हिलसारख्या गावांतल्या वसाहतींत लॉनला स्प्रिंकलर असतात. पाइपात पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून ऑक्टोबरात माणूस येतो, दाबाच्या हवेने पाइप रिकामे करतो, बाहेरचा नळही बंद होतो. त्या दिवसापासून यार्डात पाणी घालायचे असते हेच घर विसरून जाते. जमीन गोठायला मात्र अजून दीड-दोन महिने असतात. २०२४ मध्ये याची किंमत कळली. त्या वर्षीचा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या १८९५ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना ठरला. जवळजवळ पाऊसच नाही. १३ नोव्हेंबरला राज्याने दुष्काळाचा इशारा दिला. ज्यांनी त्या वर्षी वसंतात नवी झाडे लावली होती त्यांच्यासाठी ते आठवडे निर्णायक होते.

नळ बंद असला तरी बादली असतेच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्यावी आणि तळाला कडेजवळ एक बारीक भोक पाडावे, आठवा हिस्सा इंचाचे. ती झाडाजवळ ठेवून गॅरेजमधल्या नळाने भरावी आणि आपल्या कामाला लागावे. पाणी ठिबकत ठिबकत तासाभरात मुरते, वाहून जात नाही. नव्या झाडाला दर वेळी हिशेब असा: खोडाच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला दहा गॅलन. दोन इंच जाडीच्या झाडाला चार बादल्या झाल्या, त्या खोडाभोवती जागा बदलत द्याव्यात. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, थंडी वाढली की पंधरा दिवसांनी, आणि जमीन गोठली की बंद. पाणी द्यायची गरज आहे का, हे लांब स्क्रू ड्रायव्हर सांगतो. तो मातीत सहा-सात इंच सहज शिरला तर ओल आहे. दोन इंचांवर अडला तर झाड तहानलेले आहे. पाणी दुपारी, हवा चाळीस अंश फॅरनहाइटच्या वर असताना द्यावे. नव्या झाडाचे पाणी मुळांच्या गड्ड्यावर आणि त्याच्या जरा बाहेर पडले पाहिजे. मोठे झाड असेल तर खोडाला चिकटून पाणी ओतण्यात अर्थ नाही. त्याची पाणी शोषणारी बारीक मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात.

सदाहरित झाडांना ही ओल सर्वांत जास्त लागते. लॉनच्या कडेला आडोशासाठी ओळीने लावलेली आर्बरव्हायटी पाहिली की पुण्या-नाशिकच्या बंगल्यांतली मोरपंखी आठवते, आणि ती खरोखरच तिच्या नात्यातली आहे. रोडोडेंड्रॉन, हॉली, बॉक्सवूड ही त्याच दुखण्याची दुसरी झुडपे. पाने अंगावर असल्याने ती हिवाळ्यातही उन्हावाऱ्यात पाणी गमावत राहतात. जमीन गोठलेली असल्याने मुळांना ते भरून काढता येत नाही. मार्चमध्ये पश्चिमेकडची अर्धी बाजू तपकिरी झालेली दिसते ती यामुळे. भरपूर पाणी प्यायलेले झाड गोठणीच्या तोंडाशी उभे राहिले तर ते बरेच सावरते. वारा थेट अंगावर येत असेल तर खुंट्या रोवून गोणपाटाचा पडदा उभारावा. पडदाच, झाडाला गुंडाळणे नव्हे. प्लॅस्टिकचा कागद तर कधीच लावू नये. उन्हात आत भट्टी होते, रात्री बर्फ होतो.

पाण्यानंतर आच्छादन. कोकणातला बागायतदार आंब्याच्या आळ्यात पालापाचोळा पसरतो तो उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून. इथे तेच काम थंडीसाठी करायचे असते. लाकडाचा भुसा-ढलप्या किंवा चुरलेली पाने यांचा दोन ते चार इंचांचा थर मातीचे तापमान एकदम खाली-वर होऊ देत नाही. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे या खेळात नवी झाडे अक्षरशः मातीतून वर ढकलली जातात, तेही या थराने टळते. पाने विकत आणायला नकोत. लॉनवर पडलेल्या पानांवरूनच मोअर दोनदा फिरवावे आणि तो चुरा आळ्यात पसरावा. पिशव्या भरून कर्बला ठेवलेली पाने म्हणजे दारातून घालवलेले खत आहे. अपवाद एकच: क्रॅबॲपल किंवा सफरचंदाच्या पानांवर काळपट डाग असतील तर ती उचलून टाकावीत, कारण त्या पानांत रोगाची बुरशी हिवाळा काढते आणि वसंतात परत झाडावर चढते.

आच्छादनाचा आकारही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या शेकडो वसाहतींत खोडाभोवती ढलप्यांचा शंकूसारखा ढीग केलेला दिसतो, ज्वालामुखीच म्हणतात त्याला. दिसायला नीटनेटका, झाडाला घातक. एखाद्या शनिवारी गुडघे टेकून बसावे आणि हा ढीग हाताने बाजूला करावा. वरचा थर कोरडा असतो, मग दमट, मग बुरशीचे पांढरे धागे आणि त्याखाली सालीची मऊ, काळी पडलेली पट्टी. बोट दाबले तर शिरते. बाजूला पेन्सिलीएवढी मुळे खोडालाच वेढा घालून वाढलेली सापडतात. ती मातीत जायची वाट चुकून ढिगात फिरत राहतात आणि पाच-दहा वर्षांत खोडाचा गळा आवळतात. असे मूळ बारीक असतानाच कापून टाकावे. जाड झालेले असेल तर जाणकाराला दाखवावे. ढिगारा इतका मागे सारावा की खोड जमिनीशी जिथे रुंदावते तो उतार उघडा दिसेल. थराचा आकार तव्यासारखा हवा: बाहेर पसरलेला, खोडापाशी तीनेक इंच मोकळा. एवढ्या एका दुरुस्तीने वाचणारी झाडे फार आहेत, आणि तिला खर्च काहीच नाही.

आता करवत. नाशिककडच्या माणसाच्या अंगात ऑक्टोबर छाटणी भिनलेली असते. द्राक्षबागेत याच महिन्यात काड्या छाटतात, त्यानंतर डोळे फुटतात आणि त्यांतूनच पुढचा माल येतो. तीच सवय न्यू जर्सीत किंवा शिकागोजवळ उलटते. छाटणी म्हणजे झाडाला ‘फूट’ असा निरोप, आणि इथे तो निरोप कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर जातो. उबदार आठवडा लागला तर कोवळा फुटवा येतो आणि पहिल्याच फ्रॉस्टमध्ये काळा पडतो. शिवाय झाड झोपायच्या बेतात असल्याने कापलेली जागा भरून येत नाही, आणि हाच काळ बुरशीचे बीजाणू हवेत असण्याचा असतो. म्हणून आकारासाठीची छाटणी फेब्रुवारी-मार्चवर टाकावी. तेव्हा फांद्यांची रचना स्पष्ट दिसते आणि महिन्याभरात झाड जखम भरायला लागते. लायलॅक, मॅग्नोलिया, डॉगवुड, फोर्सिथिया यांना तर तेव्हाही हात लावू नये. त्यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात; फुले गेल्यावर लगेच छाटावे. नत्राचे खतही याच कारणाने फॉलच्या सुरुवातीला नको.

मेलेली, मोडलेली, लोंबती फांदी मात्र कोणत्याही महिन्यात काढावी, आणि पाने गळायच्या आधीच ती ओळखून खुणेला दोरा बांधून ठेवावा, कारण नंतर जिवंत आणि मेलेली सारखीच दिसते. या पाहणीत दोन झाडांकडे खास लक्ष द्यावे. पहिले ब्रॅडफर्ड पेअर. वसंतात पांढऱ्या फुलांनी डवरणारे हे झाड बिल्डरांनी रस्तोरस्ती लावले. त्याच्या फांद्या एकाच जागेतून चिंचोळ्या बेचक्याने वर जातात, दोन फांद्यांच्या मध्ये साल अडकून राहते आणि सांधा कधी जुळतच नाही. वीसेक वर्षांचे झाड वाऱ्यात किंवा बर्फात नारळासारखे उभे फुटते. रानात पसरत असल्याने ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना या राज्यांनी २०२३-२४ मध्ये त्याच्या जातीची विक्रीच बंद केली. घरावर किंवा गाडीवर झुकलेले ब्रॅडफर्ड असेल तर फुलांचा मोह सोडून ते काढणे बरे. दुसरे ॲश. एमरल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २०१४ पर्यंत न्यू जर्सीत पोचला. त्याने मारलेले ॲश लवकर ठिसूळ होते. अशा झाडावर चढायला अनुभवी माणसेही कचरतात. त्यामुळे ते काढायचे लांबवू नये.

शिडी लावून मोठी फांदी कापण्याचे काम घरच्या माणसाने करू नये. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचे प्रमाणपत्र असलेला माणूस शोधावा. न्यू जर्सीत झाडांचे काम करणाऱ्यांना राज्याचा परवाना लागतो, तो आणि विम्याचा कागद मागून घ्यावा. जो कोणी झाडाचा शेंडा सपाट उडवून देण्याचा सल्ला देईल त्याला नम्रपणे परत पाठवावे. शेंडा उडवलेल्या झाडाला पुढे जे धुमारे फुटतात ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात.

सालीचे एक दुखणे इथे आहे ते आपल्याकडे सहसा दिसत नाही, पण त्यावरचा उपाय मात्र आपल्या ओळखीचा आहे. जानेवारीतल्या स्वच्छ दुपारी कललेले ऊन खोडाच्या नैर्ऋत्य बाजूवर थेट पडते. पातळ सालीचे कोवळे मेपल, चेरी, क्रॅबॲपल त्या बाजूने तापते, आतल्या पेशी जाग्या होतात, आणि सूर्य मावळताच तापमान धाडकन खाली आले की त्या गोठून मरतात. वसंतात त्या बाजूची साल खपलीसारखी सुटते. महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात. इथले फळबागायतदार पांढरा लेटेक्स रंग निम्म्या पाण्यात कालवून खोडाला लावतात. पांढऱ्यावरून ऊन परतते, एवढाच त्यातला विचार. रंग नको असेल तर पांढरी गुंडाळपट्टी मिळते. ती थँक्सगिव्हिंगच्या सुमारास खालून वर, कौलांसारखी एकावर एक चढवत पहिल्या फांदीपर्यंत गुंडाळावी. दर हिवाळ्यात असे पहिली दोन-तीन वर्षे केले की पुरते.

मग खाणारे येतात. बर्फाखाली बोगदे करून फिरणारे आखूड शेपटीचे उंदीर, ज्यांना इथे व्होल म्हणतात, आणि बर्फावर उभे राहून वरची साल सोलणारे ससे. साल सगळीकडून गोल कुरतडली गेली तर झाड संपले. पाव इंच छिद्रांची लोखंडी जाळी खोडाभोवती नळकांड्यासारखी लावावी, खोडापासून थोडी लांब, तळ दोन-तीन इंच मातीत पुरून. उंची ठरवताना नेहमीचा बर्फ धरून त्यावर दीड-दोन फूट घ्यावेत. हरणांचा उपद्रव याआधीच, सप्टेंबर-नोव्हेंबरात होतो. नर हरणे शिंगे घासून मनगटाएवढी झाडे सोलून काढतात. त्यासाठी जाळी चार-पाच फुटांची हवी.

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात आणखी एक काम याच दिवसांत करता येते. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा कीटक २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात प्रथम आढळला. सप्टेंबरपासून तो खोडांवर, कुंपणावर, ग्रिलच्या झाकणावर अंडी घालतो. सुकलेल्या चिखलाचे बोट फिरवावे तसा राखाडी पट्टा दिसतो. एका पट्ट्यात तीस ते पन्नास अंडी. जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडून ते सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाकावेत. मुले हे काम आवडीने करतात, आणि पाने गळाल्यावर ते पट्टे चटकन दिसतात.

आता आपल्या खास झाडांविषयी. कढीपत्त्याची कुंडी रात्रीचे तापमान ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सियसच्या खाली जायच्या आत घरात घ्यावी. आणण्यापूर्वी पानांच्या खालची बाजू आणि देठांचे कोपरे बारकाईने पाहावेत. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी घरातल्या कोरड्या हवेत झपाट्याने वाढतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुऊन दोन-चार दिवस इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. दक्षिणेची खिडकी द्यावी. डिसेंबरात पाने पिवळी पडून गळू लागली की घाबरून पाणी वाढवण्याची चूक फार जण करतात, आणि मूळ कुजून झाड जाते. ते विश्रांती घेत असते. माती बोटभर सुकल्यावरच थोडे पाणी द्यावे. रोप आणायचे ते राज्यातल्याच नर्सरीतून. फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्नियाहून किंवा भारतातून बॅगेत आणू नये. विदर्भातला संत्रा बागायतदार ज्या सायला किडीला ओळखतो, तीच कढीपत्त्यावर बसून लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून त्यावर निर्बंध आहेत.

अंजिराचे तसे नाही. पुरंदरच्या अंजिराची चव विसरू न शकलेली बरीच माणसे इथे अंजीर जमिनीत लावतात. त्यांना आधी अमेरिकेच्या शेतकी खात्याचा थंडीच्या पट्ट्यांचा नकाशा पाहता येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. १९९१ ते २०२० च्या नोंदींवर ती बेतलेली आहे आणि पोस्टाचा झिप कोड टाकला की आपला पट्टा कळतो. सातव्या पट्ट्यात, म्हणजे मध्य न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात, अंजिराला हिवाळ्यात पांघरूण लागते. ही विद्या न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या इटालियन स्थलांतरितांनी शंभर वर्षांपूर्वीपासून जपली आहे. दोन-तीन हलके फ्रॉस्ट पडून पाने गळाली की नोव्हेंबरच्या मध्यावर फांद्या सुतळीने एकत्र ओढून बांधायच्या. भोवती गोणपाट गुंडाळायचे, आतल्या पोकळीत कोरडी पाने ठासायची, बाहेरून ताडपत्री बांधायची आणि शेंड्यावर बादली पालथी घालायची, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि दमट हवा थोडी बाहेर पडते. कुंडीतले अंजीर याहून सोपे. पाने गळाल्यावर ते गरम न केलेल्या गॅरेजमध्ये अंधारातही राहते. महिन्यातून एकदा पेलाभर पाणी पुरते.

बर्फ पडू लागल्यावर फार काही करायचे नसते. आर्बरव्हायटीचे अनेक शेंडे फाकू नयेत म्हणून आधीच मऊ दोरीने सैल बांधून ठेवावेत. ताज्या बर्फाने फांदी वाकली असेल तर झाडूने खालून वर हलकेच उचलून बर्फ सांडावा. वरून झोडपू नये. फांदीवर काचेसारखा बर्फ गोठला असेल तर तिला हातच लावू नये, ती आपोआप वितळू द्यावी. ड्राइव्हवेचे मीठ झाडाच्या आळ्यात लोटू नये. पांढरा पाइन आणि शुगर मेपल मिठाने लवकर आजारी पडतात. त्यांच्या बाजूला वाळू टाकावी.

खोडावरची पट्टी गुढीपाडव्याच्या सुमारास न विसरता सोडावी. ती राहिली तर आत ओल धरते, किडी घर करतात आणि वाढणाऱ्या खोडाला दोरा रुततो. अंजिराचे पांघरूण मात्र एप्रिलच्या मध्यावर, ढगाळ दिवशी काढावे. पाच महिने अंधारात राहिलेली साल लगेच कडक उन्हात भाजते. आधी बादली, दोन दिवसांनी ताडपत्री, मग गोणपाट. आतली पाने झाडाच्याच आळ्यात पसरावीत.